वृंदाची अडलेली लेन्स

मोरेश्वर करंदीकरांनी आयुष्यभर घर्षणाचा अभ्यास केला. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासले की काय होतं, तेल कुठे आणि किती लावलं की ते सुरळीत सरकतात, यावर जपानमध्ये चिबातल्या एका विद्यापीठात त्यांनी सव्वीस वर्षं काढली. एवढ्यानं हौस फिटली नाही म्हणून सुट्टीच्या दिवशी इचिकावातल्या आपल्या फ्लॅटमध्ये, खिडकीजवळच्या टेबलाशी बसून ते जुन्या कॅमेऱ्यांच्या अडलेल्या लेन्स सोडवायचे. तोयोसूतल्या आयटी कंपन्यांमधली मराठी मुलं साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या लेन्स सेकंडहँड दुकानांतून मोठ्या हौसेनं उचलायची आणि घरी आल्यावर त्यांना कळायचं की फोकसची रिंग जागची हलत नाही. मग कोणीतरी सांगायचं, "मोरेश्वर-सानकडे दे, त्यांच्या हातात जादू आहे."

जादूबिदू काही नव्हती. आतलं ग्रीस सुकून गोंद झालेलं असतं. त्यात बेंझिनचे थेंब सोडायचे, वाट बघायची, हलक्या हातानं रिंग पुढेमागे करायची. "अडलेल्या वस्तूशी भांडायचं नसतं," हे वाक्य ते येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचे. येणारा मान डोलवायचा. चहा त्यांची बायको वृंदा आणून द्यायची.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, की त्या घरातली एकच लेन्स अकरा वर्षं अडून पडली होती, आणि ती वृंदाची होती.

वृंदानं ती कोनबिनीतल्या, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानातल्या, अर्धवेळ नोकरीच्या पहिल्या पगारातून घेतली होती. दुकानदारानं मोडक्या वस्तूंच्या टोपलीत टाकलेली, पण तिच्या हातात छान चालली. मुलीचं, राधिकाचं, सगळं बालपण तिनं त्याच लेन्समधून टिपलं, पुढचे दोन दात पडलेली राधिका, पिवळी टोपी घालून शाळेला निघालेली राधिका. राधिका हायस्कूलला गेली त्या वर्षी रिंग जड झाली आणि एके दिवशी फिरेनाशीच झाली. वृंदानं ती नवऱ्याच्या टेबलावर आणून ठेवली. "अहो, एवढी बघता का?"

"आतोदे," मोरेश्वर मान वर न करता म्हणाले.

आतोदे म्हणजे जपानीत 'नंतर'. वृंदा पुढच्या महिन्यात पुन्हा म्हणाली. मग गणपतीत म्हणाली, दिवाळीत म्हणाली. समोर पाहुण्याची लेन्स उघडलेली असायची, पाहुण्याला शब्द दिलेला असायचा, आणि घरचं माणूस काय, घरातच असतं! राधिकानं बापाचं नाव 'आतोदे-सान', म्हणजे 'नंतरराव', ठेवलं. त्यावर वृंदा हसायची. ती हसते आहे म्हणजे फार काही बिघडलेलं नाही, असा सोयीचा अर्थ मोरेश्वरांनी काढला. मग कधीतरी तिनं विचारणं सोडलं, तेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

गेल्या फेब्रुवारीत वृंदा गेली. दुखणं दोन महिन्यांचं.

आता राधिकाची बदली लांब उत्तरेला, सापोरोला झाली होती. आई गेल्यापासून ती बापाशी कामापुरतंच बोलायची, तेही जपानीत. परवा तिचा फोन आला. "रविवारी दुपारी येते. आईची लेन्स मला हवी आहे. चालू करून." मग तिनं विचारलं, "होईल ना?"

"होईल," मोरेश्वर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी 'नंतर' म्हटलं नाही. त्याचं कौतुक करायला घरात कोणी नव्हतं.

रविवारी सकाळी नऊला ते टेबलाशी बसले. त्यांच्या मनात जे होतं ते सांगायला लाज वाटावी असं आहे, पण खरं आहे. ही लेन्स अवघड निघावी, एवढंच त्यांना हवं होतं. आटे गंजून एकमेकांत रुतलेले असावेत, एखादा स्क्रू तुटून आत राहिलेला असावा, चार दिवस जावेत, बोटं सोलून निघावीत. म्हणजे मग स्वतःला सांगता आलं असतं, की बाबा रे, हे काम होतंच तसलं, म्हणून राहिलं.

पुढची कडी रबरानं दाबून फिरवली. ती लगेच सुटली. फोकसच्या रिंगवरचे तीन बारीक स्क्रू काढले, तेही मुकाट निघाले. रिंग उचलली आणि मोरेश्वर थबकले. आत पांढरं, तुपासारखं काहीतरी थिजलेलं होतं. असलं ग्रीस त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी ते बोटावर घेतलं. बोटाच्या उबेनं ते वितळलं. त्यांनी वास घेतला.

खोबरेल तेल.

वृंदाच्या माहेरी, पुण्याला, बिजागरी करकरली की खोबरेल, कुलूप अडलं की खोबरेल, बॅगेची चेन सरकेना की खोबरेल. घर्षणाचा एवढा मोठा पंडित पलीकडच्या खोलीत परक्यांच्या लेन्स सोडवत बसलेला, आणि त्याची बायको डोक्याच्या तेलाची बाटली घेऊन स्वतःच प्रयत्न करत होती. कडेला केसांच्या आकड्यानं उचकटल्याचे दोन ओरखडेही होते. तेल थंडीत गोठलं, रिंग होती त्याहून घट्ट झाली. तिला वाटलं असेल, आपणच बिघडवली. म्हणून तर विचारणं सोडलं.

मोरेश्वरांनी बेंझिनचे थेंब सोडले. पांढरं विरघळलं, फडक्यावर उतरलं. क्षणभर खोलीभर वृंदाच्या तेल लावलेल्या केसांचा वास आला आणि बेंझिनच्या उग्र वासात विरून गेला. त्यांनी आटे पुसले, नवं ग्रीस लावलं, रिंग बसवली. ती लोण्यासारखी फिरली. घड्याळात पावणेदहा वाजले होते.

ते तसेच बसून राहिले. मग टेबलावर डोकं ठेवून रडले. वृंदाच्या अंत्यविधीला रडले नव्हते इतके रडले.

राधिका बारा वाजता आली. कोटसुद्धा न काढता तिनं लेन्स हातात घेतली, रिंग फिरवली, पुन्हा फिरवली. तिचा चेहरा जरा निवला. आणि खूप महिन्यांनी ती मराठीत बोलली.

"फार अवघड होतं ना, बाबा?"

मोरेश्वर टेबलावरचं फडकं आवरू लागले.

"आई सांगायची मला," राधिका म्हणाली. "मी तुमच्यावर चिडायचे ना, तेव्हा. म्हणायची, ते काम फार कठीण आहे गं. बाबांना भीती वाटते, आपल्या हातून कायमची बिघडली तर आईला वाईट वाटेल. म्हणून ते हात लावत नाहीत."

मोरेश्वरांनी असं कधीच म्हटलं नव्हतं. मनातसुद्धा आणलं नव्हतं. वृंदानं ते आपल्या पदरचं रचलं होतं, मुलीच्या मनात बाप राहावा म्हणून. आता नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. चार दिवस लागले म्हटलं असतं तरी राधिकानं मानलं असतं. तिला ते मानायचंच होतं, डोळ्यांत दिसत होतं. पण वृंदाच्या खोट्यावर आणखी किती वर्षं जगायचं?

"नाही," ते म्हणाले. "पाऊण तास लागला."

राधिका बघत राहिली. "पाऊण तास," ती हळूच म्हणाली. तिनं लेन्स रुमालात गुंडाळली आणि पिशवीत ठेवली. दाराशी जाऊन बूट घातले. मग वळली, दोन्ही हात मांड्यांशी जुळवून कमरेत वाकली आणि दुरुस्तीला दिलेली वस्तू परत घेताना दुकानातल्या परक्या माणसाला म्हणतात तसं, शुद्ध, अदबशीर जपानीत म्हणाली, "आपल्याला फार तसदी दिली. आभारी आहे."

आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं मोरेश्वरही वाकले.