गाठीमामा आणि आमच्या व्हॅनच्या वायरी

ज्याला लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही, अशा माणसाच्या हाती तुम्ही गाडीची वायरिंग द्याल का? नाही ना? मीही दिली नसती. मला माहीत नव्हतं म्हणून दिली. आयुष्यात इतकं कामाला आलेलं अडाणीपण दुसरं नाही.

गाडी म्हणजे आमच्या वस्तीची व्हॅन. दर सोमवारी आणि गुरुवारी ती चार माणसांना डायलिसिसला नेते. ती मिळवायला मी किती साहेबांची डोकी खाल्ली ते सांगत बसत नाही. मग मूळ माणूस बाजूलाच राहील. चौघांतला एक माझा थोरला भाऊ. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो.

एका सोमवारी फेरी करून परतताना व्हॅनचा कॉम्प्युटर जळला. इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल मोजून फवारणाऱ्या गाडीत पेट्रोल किती द्यायचं, ठिणगी कधी टाकायची, हे तो एक डबा ठरवतो. तसा डबा आता बाजारात मिळत नाही. मेकॅनिकनं आमच्यासाठी जागून मंगळवार दुपारपर्यंत इंजिनावर कॉम्प्युटरशिवाय चालणारा जुना कार्बोरेटर चढवला, ठिणगीसाठी डिस्ट्रिब्युटर बसवला, आणि हात पुसत म्हणाला, "ताई, इंजिन माझं. वायरींचं जंजाळ माझं नाही. गाठीमामांकडे ओढून न्या."

मामांचं दुकान म्हणजे एक गाडी जेमतेम मावेल एवढी पत्र्याची शेड. पुढच्या काउंटरवर मामी बल्ब आणि फ्यूज विकायच्या. मामांनी व्हॅनच्या सीट काढून बाहेर ठेवल्या, डॅशबोर्ड सोडवला आणि मनगटाएवढी जाड वायरींची वेणी बाहेर ओढली. मी म्हटलं, "इंजेक्शन गेलं ना? मग यातल्या निम्म्या कापा आणि मोकळे व्हा."

"कापायला काय लागतं, पुढारीणबाई?" ते मान वर न करता म्हणाले. "कापल्यावर कळतं काय लागत होतं ते."

त्यांची रीतच वेगळी. प्रत्येक वायरीचं एक टोक धरायचं, दुसरं शोधून काढायचं, वीज आली की पेटणारा टेस्ट लॅम्प लावून खात्री करायची आणि मग वायरीला दोरा बांधायचा. एक गाठ म्हणजे ठेवायची. दोन गाठी म्हणजे काढायची. तीन गाठी म्हणजे अजून कळलेलं नाही. नाव त्यावरूनच पडलेलं. बुधवारी दुपारपर्यंत अर्धीच वेणी उलगडली होती. माझ्या पायाखाली निखारे. गुरुवारी दहा वाजता चौघांना मशीनवर बसायचं होतं. पाळी चुकली की अंगात पाणी साठतं, श्वास लागतो. दादाचे पाय आदल्या संध्याकाळीच सुजलेले मी पाहिले होते.

मेकॅनिकनं मला वायरींच्या रंगांचा छापील कागद दिला होता. मी तो पुढे केला. "हे बघा, हिरव्या सगळ्या इंजेक्टरच्या. ती लाल शेजारची हिरवी काढा ना."

मामांनी दोन्ही वायरी डोळ्यांजवळ नेल्या. "यातली हिरवी कुठली?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. काउंटरवरून मामी म्हणाल्या, "अगं, त्यांना नाही कळत. लग्नात मी हिरवी साडी नेसले होते, हे अजून लालच सांगतात."

माझं डोकं सणकलं. चार माणसांचा जीव, आणि वायरमनला रंग दिसत नाहीत! नको नको ते बोलले. लोकांच्या जिवाशी खेळता, दुकानावर मोर्चा आणते, पाटी उतरवते. मोर्चा हा शब्द माझ्या तोंडात तेव्हा फार लवकर यायचा. मामा पुढच्या वायरीला दोरा बांधत राहिले. ते मला सहन झालं नाही. मी कटर उचललं आणि कागदाच्या भरवशावर ती हिरवी कापली.

मामा तेवढ्याच शांतपणे म्हणाले, "आत बस. ब्रेक दाब."

सीट नव्हती, पत्र्यावरच टेकले आणि दाबला. मामी गाडीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"लागला का दिवा?"

"नाही हो. दोन्हीकडे अंधार."

पूर्वी कधीतरी कुणीतरी ब्रेकच्या दिव्याची तुटलेली वायर हाताला लागेल त्या हिरव्या तुकड्यानं जोडली होती. कागदाला ते काय माहीत? मामा म्हणाले, "मला रंग दिसत नाहीत, म्हणून मी टोकं बघतो. तुला दिसतात, म्हणून तू बघितली नाहीस." तोडलेली वायर त्यांनी जोडली, आणि मला बाहेर स्टुलावर बसवून पुढे काम सुरू केलं. मी बसले. मला असं बसवणारी माणसं थोडी आहेत.

संध्याकाळी फक्त पेट्रोलचा पंप उरला. कार्बोरेटरला जोर सोसत नाही म्हणून कमी दाबाचा नवा पंप आणला होता. मी स्टुलावरून म्हटलं, "आता तो सरळ किल्लीवर जोडा आणि गाडी द्या."

मामांनी सरळ किल्लीवर जोडला. मग कार्बोरेटरची नळी काढून एका लिटरच्या बाटलीत घातली, इंजिन बंदच ठेवून किल्ली फिरवली आणि मला म्हणाले, "तू गाडी ठोकलीस. इंजिन बंद पडलंय, पेट्रोलची नळी तुटलीय. तू बेशुद्ध आहेस. मागे चार आजारी माणसं. आता बोलू नकोस, बेशुद्ध माणूस बोलत नाही."

पंप गुणगुणत राहिला. बाटली भरत राहिली. गळ्यापर्यंत पेट्रोल आलं तेव्हा त्यांनी किल्ली बंद केली.

"पूर्वी इंजिन थांबलं की तो डबा पंप बंद करायचा. डबा गेला, पण त्याचं हे काम कुणीतरी करायला हवं ना? इंजिन ऑइलच्या दाबावर चालणारा स्विच लावतो. इंजिन थांबलं की दाब गेला, दाब गेला की पंप बंद. स्विच सकाळी मिळेल. आठला ये."

"आणि उशीर झाला तर?"

"तर मला शिव्या दे. आज दिल्यास त्या पुरतील म्हणा."

गुरुवारी साडेसातला पोचले तर मामा आधीच गाडीखाली. सव्वाआठला इंजिन लागलं. मग मामांनी ते मुद्दाम बंद पाडलं, किल्ली चालूच ठेवली आणि मला पंपाजवळ कान लावायला सांगितलं. काही ऐकू येईना. इतकी गोड शांतता मी सभेतसुद्धा कधी ऐकली नव्हती. सीट परत बसवल्या, ब्रेकचे दिवे मामींनी दोनदा बघून घेतले.

मामा स्वतः टेस्ट लॅम्प घेऊन व्हॅनच्या मागच्या कोपऱ्यात बसले. म्हणाले, पहिली फेरी मी ऐकणार. वस्तीतून चौघांना घेतलं आणि वाटेत दादाला मी सगळी हकिकत सांगितली. तो धापा टाकत हसला. "रंग दिसत नाहीत ना? बरं आहे. माझं तोंड किती पिवळं पडलंय ते यांना तरी दिसणार नाही."

"ते दिसतंय," मामा म्हणाले. "गप बस आता, पंप ऐकू दे."

दहाला पाच मिनिटं कमी असताना चौघे मशीनवर होते. मी मामांना "चुकलं" म्हणाले. हा शब्द मी आजवर कुणा साहेबाला दिलेला नाही. ते म्हणाले, "बरं," आणि परतीची बस बघायला निघून गेले. त्यानंतरच्या तीन वर्षांत वायरीपायी आमची एकही फेरी चुकली नाही. दादाला ही तीन वर्षं मिळाली त्यात डॉक्टरांचा वाटा आहे, तसा या माणसाचाही आहे, आणि मी तो चारचौघांत बोलून दाखवते.

तुमच्याकडे अशी बदललेली गाडी असेल तर आजच एवढं करा: किल्ली फिरवा, इंजिन सुरू करू नका, आणि पंपाकडे कान द्या. दोन-चार सेकंदांनंतरही तो गुणगुणतच राहिला, तर कृपा करून त्या गाडीत कुणालाही बसवू नका. आधी सगळ्या वायरींची दोन्ही टोकं बघणारा माणूस शोधा.