आलं की आली

सकाळचे सात चाळीस. हॉस्पिटलच्या स्टोअरच्या खिडकीमागे बसून फिटर रबरी वायसर निवडत होता; चिरलेले एका डब्यात, चांगले दुसऱ्यात. उभा जन्म पाइप जोडण्यात गेलेल्या माणसाला हे काम म्हणजे पैलवानाला पंख्याने वारा घालायला बसवण्यासारखं होतं. पण गेल्या वर्षी कामावर असताना त्याला फिट आली, आणि फिट आलेला फिटर अनफिट ठरला. हत्यारांची पेटी कुलपात गेली.

वर्षभर त्याने एक गोळी चुकवली नाही. फिटही पुन्हा आली नाही. काल डॉक्टरांनी तपासलं होतं. हातात पुन्हा पाना येणार की वायसरच राहणार, हे आज कळायचं होतं.

आज घरून निघताना त्याने कामाचा जुना गणवेश घालून पाहिला, तर पँटचं बटण लागेना. बायको घरी शिवणकाम करायची. म्हणाली, "डॉक्टर म्हणतील हो फिट. ही पँट म्हणायला हवी ना."

"बसून बसून पोट सुटलंय."

"ठेवून जा. उसवून सैल करते."

दहाच्या सुमारास ऑफिसातून कागद आला. फिटर आत डबे लावत होता. स्टोअरकीपरने कागद वाचला आणि आनंदाच्या भरात आधी फिटरच्या घरीच फोन लावला. "वहिनी, फिट आलं!" एवढं बोलून ठेवूनही दिला.

थोड्याच वेळात बायको धापा टाकत दारात. गळ्यात टेप, एका पायात तिची चप्पल, दुसऱ्यात नवऱ्याची. फिटर चहा पीत होता.

"तुम्ही उभे कसे?"

"मग बसू का?"

"भावजी म्हणाले, फिट आली."

"आलं म्हणालो, वहिनी," स्टोअरकीपर पुटपुटला. "फिट सर्टिफिकेट. ते आलंय. ती नाही आली."

"मग तेवढं सर्टिफिकेट म्हणायला जीभ झिजत होती का?" ती खोक्यावर टेकली. फिटरने आपला कप तिच्या हातात दिला.

त्याने कागद वाचला. कामाला हरकत नाही. शिडीवर मात्र आणखी सहा महिने चढायचं नाही. एरवी त्याने कुरकुर केली असती. त्याने बायकोच्या पायातली आपली चप्पल पाहिली आणि म्हणाला, "पाइप काय, जमिनीवरूनही जातात."

"आणि पँट?" त्याने तिला विचारलं.

"तुमच्या फिटपायी उसवलेलीच टाकून आले."

संध्याकाळी तिने ती शिवली, कमरेला दोन बोटं जास्त धरून.

उद्या सकाळी सातपासून त्याची पाळी तळमजल्यावरच्या नळांवर आहे. वायसर घ्यायला तो खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभा राहील.