मधला ढग

आमची बायको ढगांच्या उंचीतल्या चुका काढते. हसू नका, पगार मिळतो त्याचा! मी लॉन्ड्रीवाला, मला ऊन हवं आणि हिला ढग. सकाळी खिडकी उघडली की दोघांपैकी एक जण वैतागतो आणि दुसरा शीळ घालतो. तरी संसार झाला, आणि झकास झाला.

ही उपग्रहाच्या ऑफिसात. उपग्रह वरून बघून सांगतो, ढग किती उंच, किती जाड, पाण्याचा की बर्फाचा. पण त्याची एक खोड हिनं पकडली होती. वर झिरझिरीत बर्फाचा ढग आणि खाली जाडजूड पाण्याचा ढग असला, की हा पठ्ठ्या दोघांची सरमिसळ करतो आणि मधल्याच कुठल्यातरी उंचीवर एकच ढग ठोकून देतो. जाळीच्या पडद्यामागे ब्लँकेट वाळत घातलं तर लांबून एकच कापड वाटतं ना, तसं. हिनं ते दोन ढग वेगळे ओळखायची रीत बसवली. त्यात हिची उमेदीची वर्षं गेली, आमच्या सहली बुडाल्या, आणि जेवताना ‘मधला ढग’ निघाला की आई ताट उचलून टीव्हीपुढे जाऊन बसायची.

हिचे साहेब मात्र हटून बसलेले. "उपग्रह डोक्यावर असताना फुगा सोडून, ढगात मोजून दाखवा. नाहीतर उपग्रहाच्या प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीत तुमची दुरुस्ती नाही."

आवृत्तीत दुरुस्त्या घेणं बंद व्हायच्या दिवशीच हवं तसं आभाळ जमलं, आणि ऑफिसच्या आवारात शेजारच्या बांधकामाची क्रेन आडवी! विमानतळाकडून परवानगी बदलून घेऊन, फुगा आणि त्याच्या गॅसचा सिलिंडर टेम्पोत घालून, ही थेट माझ्या गच्चीवर हजर.

"अहो, या चादरी आवरा आधी!"

"अगं, हॉटेलच्या आहेत, ओल्या आहेत!"

"मग मी काय, फुंकर घालू?"

आवरल्या, काय करतो! कोपऱ्यातले चार अभ्रे तेवढे राहिले. फुगा फुगला. त्याच्या दोरीला हवेतला ओलावा आणि उंची मोजून लॅपटॉपला कळवणारी डबी बांधली. ही लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसली आणि फुगा माझ्या हातात. दोरीचं खालचं टोक वाऱ्यानं सारखं तोंडावर फटके मारत होतं. आता, वाऱ्यात काही फडफडलं की माझा हात आपोआप चिमट्याकडे जातो. लावला चिमटा, टोक शेजारच्या अभ्र्याला!

"सोडा!" ही ओरडली.

सोडला. फुगा वर, डबी वर, आणि मागोमाग हॉटेलचा अभ्रा!

"अहो! काय केलंत हे!"

फुगा रखडत वर चढत होता. उपग्रह पुढे निघून गेला, की वरच्या ढगातलं मोजमाप शून्य कामाचं. स्क्रीनवर खालचा ढग आला, पण अभ्रा भिजला असणार, वेग आणखी घटला. हिचा चेहरा उतरला. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. इतकी वर्षं राबली बिचारी, आणि मी चिमटा लावला!

एकदम उंचीचे आकडे उसळले.

"सुटला! अभ्रा सुटला!" ही टुणकन उठली. फुगा सुसाट निघाला. मधल्या उंचीवर हवा कोरडी ठणठणीत. त्याच्याही वर, उपग्रह डोक्यावर असतानाच, डबीला बर्फाचा ढग लागला. हिच्या रीतीनं सांगितलेल्या उंचीवर, बरोब्बर!

हिनं आकडे पाठवले आणि साहेबांना फोन लावला. पलीकडे बराच वेळ नुसता कीबोर्ड वाजत होता. मग ते म्हणाले, "तुमची दुरुस्ती घेतली."

फोन ठेवून ही माझ्याकडे वळली. डोळ्यांत पाणी, ओठांवर हसू.

"अहो, नाहीये तो मधला ढग."

"नाहीये," मी म्हटलं.

"मोठ्यांदा म्हणा ना!"

"नाहीये!"

"नाहीये! नाहीये!" ही माझे हात धरून गरगर फिरायलाच लागली. खाली रस्त्यावर माणसं थांबून वर बघत होती. गच्चीवर दोन अर्धवट म्हातारी नाचतायत आणि जगाला ओरडून सांगतायत, नाहीये, नाहीये!