केस्विनच्या धक्क्यावरची वर्ना

केस्विन नदीकाठच्या पोर्टर बेंड गावच्या धक्क्याला होडी टेकली की गळवाल्याचे बूट जमिनीला लागायच्या आत वर्ना टॉल्मी समोर हजर. हातात पॅड, कानामागे पेन्सिल आणि ठरलेले चार प्रश्न: किती तास बसलात, किती मासे लागले, किती ठेवले, किती सोडले? बावीस उन्हाळे तिने हेच केलं. त्याआधी ती लाकडाच्या गिरणीत फळ्या मोजायची. गिरणी बंद पडली, त्याच महिन्यात मासेखात्याला नदीवर मोजणीसाठी माणूस हवं होतं. वर्ना म्हणाली, मोजायचंच आहे ना, मग फळ्या काय नि मासे काय!

ऐकायला सोपं वाटतं, पण काम किचकट. ती कोणत्या दिवशी येणार हे गळवाल्यांना आधी कळू नये म्हणून ऑफिस चिठ्ठ्या टाकून दिवस काढायचं. ठरल्या तासाला पुलापासून वाळूच्या बेटापर्यंत होडीतून न थांबता जायचं आणि वाटेतल्या गळाच्या काठ्या मोजायच्या. गळ पाण्यात असेल तर माणूस धरायचा, नसेल तर सोडून द्यायचा. एकदा तिचा सख्खा धाकटा भाऊ लॉर्न काठी मांडीवर ठेवून सँडविच खात बसला होता. हिने त्याला खुशाल वगळलं.

"अगं, मी दिसत नाही का तुला?" तो ओरडला.

"दिसतोस. पण गळ कोरडा आहे तुझा. खा तू निवांत."

दुसरा नियम असा, की माणूस सांगेल तेच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही. आता गळवाले म्हटल्यावर थापा आल्याच. एकाने निसटलेल्या माशाची लांबी दाखवायला हात असे काही पसरले, की शेजारी बसलेला त्याचा मेहुणा थेट पाण्यात गेला. वर्नाने मेहुण्याला काठ धरायला सांगितलं, "लागला एक, ठेवला शून्य" लिहिलं आणि पुढच्या होडीकडे वळली. गावात तिला खडूस म्हणत, नाकावर माशी बसू देत नाही म्हणत. पण वर्नाने आकडा खोटा लिहिला असं म्हणायची कोणाची छाती नव्हती. तिलाही जगात आकडा चुकण्याचीच काय ती भीती होती.

कारण सगळं गाव त्या आकड्यांवर टांगलेलं असायचं. दर गुरुवारी तिचे कागद ऑफिसात जायचे, आणि पुढच्या आठवड्यात नदी गळवाल्यांना उघडी ठेवायची की बंद ते त्यांवरून ठरायचं. नदी उघडी असली तर लॉर्नच्या होडीत बाहेरगावचे पाहुणे, आणि पाहुणे असले तर त्याच्या घरात चूल. तो गाईड होता, चौपन्न वर्षांचा, दुसरं काही त्याला येत नव्हतं आणि शिकायची इच्छाही नव्हती.

तर तो उन्हाळा. डोंगरावरचं बर्फ जूनमध्येच संपलं. जुलैत पलीकडच्या खोऱ्यात जंगल पेटलं आणि धुराने सूर्य तांब्याच्या रंगाचा झाला तो महिनाभर तसाच. नदी इतकी उतरली की कोणी कधी न पाहिलेले दगड वर आले, त्यांवर वाळलेलं शेवाळ, आणि त्याचा कुबट वास थेट दुकानापर्यंत. म्हातारी माणसं पुलावर यायची, खाली बघायची आणि परत जायची.

आणि मासे? मासे धो धो लागत होते! चिनूक म्हणजे समुद्रातून नदीत अंडी घालायला येणाऱ्या सॅमन माशांतला थोरला, एरवी दिवस दिवस बसावं तेव्हा एखादा गळाला यायचा. त्या जुलैत तासातासाला ओढ बसत होती. लॉर्न तर हवेत होता.

"वर्ना, लिही, सहा! आणि सहाच्या सहा हातभर! आजोबांच्या वेळेसारखं चाललंय की नाही?"

वर्ना लिहीत होती. दर तासाला किती मासे याचा हिशेब काढला तर तो तिच्या बावीस वर्षांत कधी नव्हता इतका भरत होता. ऑफिसातून शाबासकीचा फोन आला. पण तिच्या मनात पाल चुकचुकली ती काही गप्प बसेना. मोजणीच्या फेरीत तिने पाहिलं, चौतीस काठ्यांपैकी एकतीस काठ्या धक्क्याखालच्या एकाच डोहावर होत्या. वरच्या अंगाला, जिथे लॉर्न लहानपणापासून गळ टाकत आला, तिथे चिटपाखरू नव्हतं. गरुड तेवढे झाडांवर बसलेले, तेही उपाशी.

ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी पुलाखाली तिच्या होडीच्या पंख्यात शेवाळ अडकलं. ते काढायला तिने कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि तशीच थांबली. पाणी कोमट होतं. एरवीच्या मानाने अंघोळीचं वाटावं इतकं कोमट. केस्विनच्या पाण्यात ऑगस्टमध्येसुद्धा बोटं बधिर व्हायची, आणि हे असं!

पाणी किती गार आहे ते रोज सकाळी दहाला बघून लिहायचं, हेही तिचंच काम. थर्मामीटर धक्क्याच्या शेवटच्या खांबाला दोरीने बांधलेला. पहिल्या वर्षी तिनेच तिथे बांधला होता, गुडघे न भिजवता वाचता यावा म्हणून. त्या खांबाला लागूनच पांढरा ओढा नदीला मिळतो, आणि तो येतो डोंगराच्या पोटातून, बारा महिने गार. तेव्हा सगळी नदीच गार होती. खांब इथे काय नि तिथे काय, फरक कोणाला पडत होता? त्यामुळे खांबाजवळ चौदा अंश भरायचे, ती चौदा लिहायची, आणि ऑफिस म्हणायचं नदी ठणठणीत आहे.

तिने दोरी सोडली आणि थर्मामीटर होडीत घेऊन पुन्हा सगळी फेरी मारली. पुलाखाली बावीस, आणि वीसच्या वर गेलं की चिनूकला श्वास पुरत नाही. वाळूच्या बेटापाशी बावीस. डोहाच्या मध्यावर एकोणीस. ओढ्याच्या तोंडाशी चौदा. मग तिने होडीचं इंजिन बंद केलं आणि वाकून पाण्यात पाहिलं.

पाणी नितळ होतं. खाली मासे होते. एकावर एक, अंगाला अंग लावून, हलायची सोय नाही, नुसते कल्ले उघडत मिटत होते. त्या वर्षी समुद्रातून जेवढे चिनूक वर आले होते ते सगळे, एका खोलीएवढ्या गार पाण्यात येऊन उभे होते. मासे खूप होते म्हणून लागत नव्हते. त्यांना जायला दुसरी जागाच नव्हती, आणि त्या जागेवर एकतीस गळ सोडलेले होते.

तिने ऑफिसात जोसी उलेटला फोन लावला. जोसी हुशार पोरगी, कागद वाचणारी, नदीवर मात्र दोनदाच आलेली.

"जोसी, नदी बंद करा. आजच्या आज."

"अहो वर्नाबाई, काय बोलताय? तुमचेच आकडे सगळ्यांत चांगले आलेत! उलट आम्ही दिवसाला एकाऐवजी दोन मासे ठेवायची परवानगी देणार आहोत, सोमवारपासून."

"आकडे खरे आहेत गं बाई, पण त्यांचा अर्थ उलटा आहे." तिने थर्मामीटरचं सगळं सांगितलं.

"मापाची जागा बदलली तर मागच्या बावीस वर्षांशी ताडून बघता येणार नाही," जोसी म्हणाली. "फोनवरच्या बोलण्यावर मला काही करता येत नाही. तुम्ही लिहून द्या, सहीनिशी. या गुरुवारी कागदांबरोबर आलं तर मी स्वतः साहेबांसमोर ठेवते. ते बंद करतील."

वर्नाने त्याच संध्याकाळी चिठ्ठी लिहिली. स्वयंपाकघरात टेबलावर कागद होता, तव्यावर बटाटे परतत होते, आणि लॉर्न नेहमीसारखा दार न वाजवता आत आला. त्याने कागद उचलून वाचला. मग खुर्ची ओढून बसला.

"हे पाठवणार आहेस?"

"परवा."

"वर्ना, सोमवारी माझे आठ पाहुणे येतायत. दोन वर्षांपूर्वी ठरलेले. मागचा उन्हाळा तर धुरातच गेला माझा, ठाऊक आहे ना तुला?" त्याचा आवाज खाली आला. "एक आठवडा दे. फक्त एक. पुढच्या गुरुवारी पाठव, मी हूं की चूं करणार नाही."

"लॉर्न, तू ते मासे पाहिले नाहीस."

"मासे म्हणजे काय, मी पन्नास वर्षं बघतोय. पाऊस येईल, पाणी निवेल, जातील वर. आणि तू खोटं कुठे लिहितेयस? लिहिलेलं पाठवायचं फक्त थांबवायचं. एवढंही भावासाठी होत नाही?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. आई गेली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता, त्याला तिनेच वाढवलं होतं, आणि हट्ट करताना तो आजही ओठ तसाच दुमडायचा. बटाटे करपले. तिने कागद घडी करून ब्रेडच्या डब्याखाली सरकवला. देवा, काय म्हणून सरकवला असेल!

गुरुवारी कागद गेले, चिठ्ठी गेली नाही. सोमवारपासून दोन माशांची परवानगी लागू झाली आणि आजूबाजूच्या तीन गावांतून होड्या आल्या. धक्क्यावर उभं राहायला जागा नव्हती. लॉर्नच्या पाहुण्यांत एक दातांचे डॉक्टर होते, भला माणूस. दोन ठेवून झाल्यावर तिसरा मासा लागला तो त्यांनी नियमाप्रमाणे सोडला. आधी तो उचलून धरून फोटो काढला, मग टोपी नीट करून दुसरा, मग लॉर्नबरोबर तिसरा. पाण्यात सोडल्यावर मासा क्षणभर तिथेच राहिला, मग हळूच कुशीवर झाला आणि पोट वर करून पुलाकडच्या कोमट पाण्याला लागला.

"सोडला. लिहा हं बाई!" डॉक्टर हसून म्हणाले.

वर्नाने "सोडला" लिहिलं. तिच्या कागदावर ठेवला आणि सोडला, या दोनच रकाने होते. त्या आठवड्यात ठेवलेले भरले तीनशे अठ्ठेचाळीस आणि सोडलेले दोनशे सहा. बुधवारी सकाळी अठ्ठावीस होड्या आल्या आणि दुपारपर्यंत एकालाही ओढ बसली नाही. गळवाले गळाला, चंद्राला, धुराला नावं ठेवत होते. वर्ना ओढ्याच्या तोंडाशी गेली आणि वाकून बघितलं. तळाचे गोटे तेवढे दिसत होते.

चिठ्ठी गुरुवारी गेली. जोसीने शब्द पाळला. शुक्रवारी धक्क्यावर बंदीची पाटी लागली, पण तोवर बंद करायला काही उरलं नव्हतं.

सप्टेंबरच्या शेवटी वरच्या अंगाला, अंडी घालायच्या उथळ पाण्यातून चालत मोजणी असते. अंडी घालून झाली की चिनूक मरतो. मेलेले मोजायचे, मादीचं पोट चिरून अंडी घालून झाली का बघायचं, आणि दुसऱ्यांदा मोजला जाऊ नये म्हणून शेपूट तोडून ठेवायचं. त्यासाठी दोन माणसं लागतात. वर्नाबरोबर दर वर्षी लॉर्न जायचा, फुकट, हौसेने. मागच्या वर्षी या अकरा किलोमीटरमध्ये सातशेच्या वर भरले होते, आणि वासाने नाकाला रुमाल बांधावा लागला होता.

या वेळी वास नव्हता. सकाळी आठला निघाले ते दहापर्यंत त्यांना काहीच सापडलं नाही. पाऊस येऊन गेला होता, पाणी गार होतं, गोटे स्वच्छ धुतलेले. लॉर्न बडबडत होता, मग बडबडेनासा झाला. साडेदहाला एका पडलेल्या झाडाखाली पहिली मादी मिळाली. वर्नाने सुरी चालवली. पोट अंड्यांनी गच्च भरलेलं होतं, नारिंगी, एकही बाहेर पडलेलं नाही.

"ही एक अशीच असेल," लॉर्न म्हणाला.

दुसरी तशीच होती. तिसरीही. पाचवीपासून सुरी त्याने स्वतःच्या हातात घेतली, कारण त्याला बहिणीच्या हातावर भरवसा नव्हता, आणि तो प्रत्येक पोट अगदी शेवटपर्यंत चिरत गेला. दुपारी दोनला अकरा किलोमीटर संपले. एकूण एकोणीस. त्यांत माद्या पंधरा, आणि पंधराही भरलेल्या.

लॉर्न पाण्यातच एका दगडावर बसला. मनगटापर्यंत त्याला अंडी चिकटली होती, ती तो धूतही नव्हता.

"उशिरा येत असतील, वर्ना. पुढच्या आठवड्यात परत येऊन मोजू."

"लॉर्न."

"पाऊस उशिरा झाला ना, म्हणून..."

"लॉर्न, वर यायचे होते ते तेच होते. डोहातले. त्यांच्या मागे कोणी नाही."

या वर्षीची अंडी फुटून, समुद्रात जाऊन, मोठी होऊन परत यायला पाच उन्हाळे लागतात, हे लॉर्नला शिकवायची गरज नव्हती. त्याच्या आयुष्यातल्या एकोणसाठाव्या वर्षी नदीत कोण येणार, हे तो हाताकडे बघत मोजत होता. वर्नाला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि त्याच वेळी दोन थोबाडीतही द्याव्याशा वाटल्या, आणि त्यातली एक स्वतःला.

तिने पॅडवर आकडे भरले, तारीख घातली, खाली सही केली आणि पॅड त्याच्यासमोर धरलं. मोजणाऱ्या दोघांच्याही सह्या लागतात.

त्याने हात पाण्यात बुडवून धुतले, पँटला पुसले आणि सही केली. ती नीट वाचता येईल अशी व्हावी म्हणून त्याला दोनदा थांबावं लागलं.

"हे कधी पाठवणार आहेस?" त्याने विचारलं.

"आज," वर्ना म्हणाली. "आत्ता गाडीत बसलो की लगेच."