आमच्या बोलीतला चोर

पतसंस्थेत आम्हा सगळ्यांना भामटे ओळखायचं प्रशिक्षण दिलं, तेव्हा मी मागच्या रांगेत जांभया देत होते. शिकवणारे सर म्हणाले, "चोर आधी तुमचा माणूस होतो, मग पासवर्ड मागतो. यापुढे आम्हीच मधूनमधून खोटे फोन करून तुमची परीक्षा घेऊ." मनात म्हटलं, माझा माणूस व्हायला कोण बसलंय! आई गेली, गास गावातलं आमचं शेत भावाने विकलं, आणि मी तुळिंजच्या फ्लॅटमध्ये टीव्हीशी भांडत बसते.

काही दिवसांनी मोबाइल वाजला. मुख्य कार्यालयातून बोलतोय म्हणाला. आवाज तरुण होता.

"मॅडम, तुम्ही गासच्या ना? माझी आजी तिथलीच. यंदा शेतात पानी भरलं का?"

पानी! शाळेत याच 'न'वरून पोरींनी मला इतकं चिडवलं होतं की घराबाहेर मी ती बोली टाकूनच दिली. घरात आईशी चालायची. आई गेल्यावर ती बोलायला कोणी उरलंच नाही. मी त्याला शेत विकल्याचं सांगितलं, वर भावाला दोन शिव्याही हासडल्या. तो मनापासून हसला.

पुन्हा फोन आला तेव्हा त्याने विचारलं, "जेवलात का? घरी कोन कोन असतं?" मुख्य कार्यालयाने आजवर माझ्या जेवणाची चौकशी केलेली नाही, त्यामुळे काय ते मी ओळखलं. पण चोर असो नाहीतर परीक्षक, तो माझ्याशी आमच्या बोलीत बोलत होता. मी मोबाइल घेऊन जिन्यात गेले आणि घरी कोणी नसतं ते सांगितलं.

शेवटी तो म्हणाला, "मॅडम, तुमचं लॉगिन बंद पडलंय. पासवर्ड सांगा, इथून चालू करतो."

नाही म्हटलं की हे फोन संपणार, हे मला कळत होतं. पण त्या पासवर्डमागे लोकांच्या ठेवी होत्या.

"मी नाय सांगनार," मी म्हटलं.

पुढच्या बैठकीत सरांनी त्या फोनचं रेकॉर्डिंग सगळ्यांना ऐकवलं. 'नाय सांगनार'ला हशा पिकला, मग टाळ्याही पडल्या. सरांनी ते तिथेच बंद केलं, देव त्यांचं भलं करो. कारण त्यापुढे मी म्हणाले होते, "पन तू फोन नको ठेवू." तरी त्याने फोन ठेवला होता.

चहाच्या वेळी मी सरांना विचारलं, तो मुलगा कोण होता म्हणून.

"ते सांगता येत नाही, मॅडम. आणि तुम्ही पास झालात. आता फक्त नापास झालेल्यांना पुन्हा फोन जातील."

आमचा कॅशिअर पहिल्याच फोनला पासवर्ड सांगून मोकळा झाला होता. तो कोपऱ्यात तोंड लपवून चहा पीत होता आणि सगळे त्याची खेचत होते. मीही हसले. पण खरं सांगते, मला त्याचा हेवा वाटत होता.