रीलच्या पोटात काय निघालं: द्वारका, मालेगाव, हर्णै

मी पोटापाण्यासाठी विम्याचे दावे तपासतो. समोरचा माणूस काहीतरी लपवतोय हे धरूनच मी कागद उघडतो, आणि वीस वर्षांत ही सवय घरीही आली आहे. भाजीवाल्याचा काटा, गॅरेजवाल्याचं बिल, शेजाऱ्यांचं नको इतकं गोड बोलणं, सगळ्यावर माझा संशय असतो. मेधा, माझी बायको, म्हणते की मी आरशात बघूनही ओळखपत्र मागेन. तेव्हा समुद्रातल्या मोठ्या माशांसाठी जुनं रील सुधारून घ्यायला मी नाशिकहून मालेगावला गेलो, तो काही भोळ्या मनाने गेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो.

रील म्हणजे गळाची दोरी गुंडाळणारं यंत्र. माझं जुन्या पद्धतीचं आहे, काठीच्या वर बसणारं, आडव्या ढोलाचं. मोठा मासा लागला की तो दोरी ओढत पळतो, आणि रीलमधला ब्रेक, म्हणजे ड्रॅग, ती हळूहळू सोडतो. ब्रेक अडकला तर दोरी तरी तुटते, नाहीतर माणूस तरी जायबंदी होतो. आमच्यात माणूस जायबंदी झाला.

मागच्या दसऱ्यानंतर आठवड्याभरात आम्ही हर्णैला गेलो होतो. काठी माझ्या मित्राच्या, विलासच्या हातात होती. मासा लागला, ब्रेक जाम झाला, काठी होडीच्या काठाला टेकली. विलासने घाबरून दोरीला हात घातला आणि नेमका तेव्हाच ब्रेक हिसक्याने सुटला. दोरी अंगठ्याच्या बुडाशी खोल शिरली. विलास देवळाली कॅम्पात जवानांचे गणवेश शिवतो. दोन महिने त्याला कात्री धरता आली नाही. त्याच्या बायकोने, सुनंदावहिनींनी, रात्रंदिवस बसून ऑर्डरी पुऱ्या केल्या.

मी तेव्हाच निकाल देऊन मोकळा झालो होतो: मासा लागायच्या आधी विलासने ब्रेकचं चाक जास्त आवळलं. मुंबईच्या ज्या दुकानातून रील घेतलं त्याच्यावरही माझा संशय होता, पण दुसऱ्या नंबरचा. मी त्याला तसं तोंडावर सांगितलं, त्याने ते नाकारलं नाही. तो पुन्हा समुद्रावर यायला मात्र तयार नव्हता. "ते मशीन आधी नीट कर, मग बघू," एवढंच म्हणायचा.

तर निघालो. नाशिकच्या द्वारका चौकात सकाळी सातच्या सुमाराला मालेगावची एसटी मिळाली. द्वारकेच्या गर्दीत पाठीवरची सॅक पोटावर घ्यावी, हा माझा फुकटचा सल्ला. महामार्ग चांगला आहे, चांदवडनंतर घाट उतरला की हवा एकदम कोरडी लागते. अडीच-तीन तास धरा. ब्रेकसाठी कार्बनच्या चकत्यांचा संच मी ऑनलाइन मागवला होता, अडीच हजाराच्या आत पडला. पण त्यांच्या मधल्या पोलादी चकत्या घासून नव्या करायच्या, दांडा लांब करायचा आणि पितळी बुशांच्या जागी बेअरिंग बसवायची, ही कामं करणारा माणूस नाशकात सापडेना. एका यंत्रमागवाल्या ओळखीच्याने सलीमभाईंचं नाव दिलं. यंत्रमाग दुरुस्त करणाऱ्याला तिकडे जॉबर म्हणतात. माग दुरुस्त करणाऱ्याला माशांच्या यंत्रातलं काय कळणार, म्हणून मी तिथेही शंका घेतलीच.

सलीमभाई साठीचे, चष्मा कपाळावर. एका गल्लीत त्यांचं लेथचं दुकान, आजूबाजूला मागांचा खडखडाट इतका की बोलायचं तर ओरडूनच. त्यांनी रील हातात घेतलं, दोरी ओढली, कानाशी नेलं.

"अटक अटक के छूटता हाय. बराबर?"

"बरोबर."

"मागाचा बीम पण असाच. त्याच्यावरचं सूत सुटलं पायजे, पण झटका नाय बसला पायजे. झटका बसला की धागा तुटला. तुमचा मासा तिकडून ओढतो, आमचा माग ओढतो. बात एकच."

हे मला पटलं, आणि पटलं म्हणून जास्तच सावध झालो. मजुरी बाराशे सांगितली. इतकी कमी? म्हणजे आतलं काहीतरी चांगलं काढून घेणार. मी मोबाइलवर रीलचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले. सलीमभाई हसले.

"साहब, शाम को आना, तयार ठेवतो."

"नाही, मी इथेच बसतो."

"पाच-सहा घंटे लागतील."

"बसतो."

बसलो. डोळ्यांत तेल घालून बसलो. स्क्रू किती काढले ते मोजलं. लघवीला जायचं होतं, गेलो नाही. दुपारी अजान झाली तशी सलीमभाईंनी हात धुतले, टोपी घातली आणि म्हणाले, "नमाज पढून येतो. कोणी आलं तर बसवा." आणि गेले. गल्ला अर्धवट उघडा, लेथ, हत्यारं, सगळं एका अनोळखी माणसाच्या हवाली. मी त्या उघड्या गल्ल्याकडे बघत बसलो आणि मला वाटलं, ही मला अडकवायची काही युक्ती तर नाही? आज ते आठवलं की लाज वाटते.

येताना त्यांनी माझ्यासाठी नान आणि वाटीभर निहारी, म्हणजे रात्रभर शिजलेला मांसाचा घट्ट रस्सा, आणली. मालेगावात जाल तर सोडू नका. पैसे घ्यायला ते तयार होईनात.

मग त्यांनी ब्रेकचा डबा उघडला. आतल्या चकत्या एकमेकींना चिकटल्या होत्या. मधून लालसर पिवळा चिखल निघाला. सलीमभाईंनी तो बोटावर घेतला, वास घेतला, माझ्याकडे बघितलं.

"हे कुणी घातलं?"

"काय आहे?"

"हळद हाय. कुंकू पण. आणि शिलाई मशीनचं तेल."

खंडेनवमीला घरातल्या सगळ्या अवजारांची पूजा मी करतो. पकड, करवत, स्कूटर आणि रीलही. त्या वर्षी रीलवर फार जीव जडला होता, म्हणून बाजूचं झाकण उघडून आतही घरातल्या शिलाई मशीनचं तेल सोडलं, हळदकुंकू वाहिलं. मनापासून वाहिलं. फुंकर मारायचंही सुचलं नाही.

"आमच्या कारखान्यातले हिंदू कामगार दसऱ्याला मागाला लावतात," सलीमभाई सावकाश म्हणाले, "पण बाहेरून. तुमी तर आतमधी पाजलं, साहब. ब्रेकमधी असं तेल जात नाय. हे सुकून गोंद झालं. पहिले पकडणार, मग एकदम सोडणार."

"चाक जास्त आवळलं म्हणून असं होऊ शकतं का?" मी विचारलं. अजून एक वाट शोधत होतो.

"आवळलं तर कडक चालेल. असं अडकून नाय सुटणार."

संध्याकाळच्या एसटीत खिडकीशी बसलो. रील मांडीवर, आत नव्या चकत्या, ब्रेकचं खास ग्रीस चिमूटभर, नवी बेअरिंग. दोरी ओढली की पाण्यासारखी सुटत होती. वर्षभर मी सगळ्या जगाची झडती घेतली होती, स्वतःचा खिसा तेवढा राहिला होता.

विलासला सांगायचं ठरवलं. पण फोनवर नको, भेटून. भेटलो तेव्हा वाटलं, आत्ता सांगितलं तर हा हर्णैला येणारच नाही. नुसतं म्हणालो, "मशीन नीट झालंय." दोन आठवड्यांनी माझ्या गाडीने पहाटे निघालो. महाडनंतर मंडणगड, दापोली, वळणंच वळणं. पोट कच्चं असेल तर रिकाम्या पोटी निघा. कसारा गेलं, सांगितलं नाही. महाडला चहाला थांबलो, सांगितलं नाही.

हर्णैत बंदराजवळ दीड हजारात खोली मिळते, पाणी गरम असतं असं ते म्हणतात. सकाळी होडीवर चढायच्या आधी मी दोरी लटकत्या वजनकाट्याला बांधून ब्रेक लावला: वीस किलोला तुटणाऱ्या दोरीला सात किलोच्या आसपास, साधारण तिसरा हिस्सा. विलास चार पावलं लांब उभा राहून बघत होता. उजव्या हातात चामड्याचा मोजा.

"तूच धर," तो म्हणाला. "मी हात लावणार नाही."

साडेआठच्या सुमाराला कुपा, म्हणजे ट्यूना, लागला. रीलने असा सूर धरला की होडी चालवणारा तांडेलही वळून बघायला लागला. दोरी सुटत होती, सुटत होती, कुठे हिसका नाही. वीस मिनिटांत माझे दंड भरून आले. मी मागेही न बघता म्हणालो, "विलास, मला जमत नाही." मग मोजा घातलेला हात काठीवर आला, माझ्या हाताच्या वर.

त्याने मासा आणला. पंधरा किलो तरी असेल, निळा, तकतकीत. तांडेलने तो होडीत ओढून घेतला. विलास फळीवर बसून धापा टाकत होता, आणि हसत होता.

"बघ," तो म्हणाला, "मशीनमध्ये काही खोट नव्हतीच. त्या दिवशी मीच जास्त आवळलं होतं. तू बरोबर होतास."

यावर मी माशावर बर्फ टाकत राहिलो. जन्मभर गप्प बसता आलं असतं.

परतीच्या वाटेवर घोटी गेलं आणि मला राहवेना. गाडी चालवतच सगळं सांगून टाकलं: हळद, कुंकू, तेल, सलीमभाईंचं बोट. देवळाली कॅम्पात विलासच्या दुकानासमोर गाडी थांबली, तो उतरला, बर्फातल्या माशाचा वाटा न घेता आत गेला.

चार दिवस फोन नाही. मी रोज मोबाइल बघायचो. या प्रवासातून काय राहिलं म्हणाल तर रील उत्तम झालंय, मालेगावची वारंवार शिफारस करीन, हर्णैचा समुद्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही. आणि ही चार दिवसांची भीती. संशय घेणं माझं रोजचं काम आहे. माणूस गमावण्याची भीती मला फारशी माहीत नव्हती.

पाचव्या दिवशी फोन आला. "रील घेऊन ये. यापुढे ते माझ्याकडे राहील."

गेलो. त्याने कापायच्या टेबलावर पांढरं कापड पसरलं, स्क्रू काढले, एकेक चकती ट्यूबलाइटकडे धरून बघितली.

"आत काही नाही, मी शपथेवर सांगतो," मी म्हणालो.

"तुझ्या शपथेवर विश्वास ठेवीन का मी?" तो म्हणाला आणि पुढची चकती उचलली.

मी गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसून राहिलो. राग आला नाही. सगळं पुन्हा जुळवून झाल्यावर त्याने रील कपाटात ठेवलं, किल्ली खिशात टाकली.

"वर्षभर मी घरात सांगतोय की चूक माझी होती," तो म्हणाला. "सुनंदा दोन महिने माझी कात्री चालवत होती. रोज रात्री तिची बोटं शेकायचो." मग आत तोंड करून त्याने हाक मारली, "अगं, जरा बाहेर ये. याला तुला काहीतरी सांगायचंय."

वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. मी उठून उभा राहिलो.