मूठ उघडली त्या रविवारी

आधीच सांगते — अंगात येणं, भानामती, चमत्कार यातलं मला काहीही पटत नव्हतं. कुणी असलं सांगायला लागलं की मी सरळ उठून जायचे. त्यामुळे हे वाचून ज्याला हसायचंय त्याने खुशाल हसावं.

आमचं गाव पिंपळगाव रेणुकाई, तालुका भोकरदन. शेतात कपाशीचा सीड प्लॉट, म्हणजे संकरित बियाणं तयार करायचं. आदल्या दिवशी मादी झाडाच्या कळ्या सोलायच्या, सकाळी त्यावर नराची फुलं घासायची... सगळं बोटांचं काम. एका सकाळी माझा बावीस वर्षांचा मुलगा फुलं घेऊन उशिरा आला. दहा बायांसमोर मी त्याच्या थोबाडीत दिली. तो मोटरसायकलवर बसला आणि गेला. भोकरदन रोडवर अपघात... जागेवरच गेला.

तेराव्याच्या दिवशी माझी उजवी मूठ मिटली ती मिटलीच. नखं तळव्यात रुतायची म्हणून लेक सासरहून आली की आत कापडाची गुंडाळी घालायची. न्यूरोलॉजिस्ट झाले, फिजिओथेरपी झाली, मानसोपचार झाले. रिपोर्ट सगळे नॉर्मल. देवळात जाणंही सोडलं — डाव्या हाताने प्रसाद घेत नाहीत, आणि उजवा हा असा.

अकरा महिन्यांनी मी नवीन जालन्यात लेकीकडे राहायला आले. शेजारी एक रिटायर्ड नर्स राहतात, सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. त्या म्हणाल्या, "घरात बसून काय करून राह्यल्या ताई? चला माझ्यासंगं चर्चला. गाणी तरी ऐका."

गेले. तिसऱ्या रविवारी लोक रांगेने पुढे निघाले, तशी मीही निघाले. मला वाटलं प्रसाद आहे! ते प्रभुभोजन, आणि ते बाप्तिस्मा झालेल्यांनीच घ्यायचं असतं हे मला कुठे माहीत? पाळकांनी, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंनी, भाकरीचा तुकडा पुढे धरला आणि लहानपणापासूनच्या सवयीने मी उजवा हात पुढे केला.

तो उघडा होता. पाचही बोटं सरळ.

मी तिथेच खाली बसून हंबरडा फोडला. मुलगा गेल्यापासूनचं ते पहिलं रडणं. सिस्टरांनी कानात चूक सांगितली, तशी मी घाबरून म्हणाले, "माफ करा, मी तुमच्यातली न्हाई."

पाळक म्हणाले, "ताई, इथं सगळे माफीसाठीच येतात. घ्या."

त्या क्षणी माझ्या मुलाने मला माफ केलं, असं मला आतून कळलं. कसं, ते विचारू नका.

मग गावभर बोभाटा. धाकटे दीर तावातावाने आले. "वहिनी, भावकीत तोंड दाखवायला जागा न्हाई राह्यली. फिजिओथेरपीनं बरं झालं म्हणा ना, बास!"

"भाऊजी, खोटं बिलकुल न्हाई बोलणार. चर्चला जायला मला कुणी पैसाअडका दिला असं वाटत असंल, तर घर उलटंपालटं करून बघा."

डॉक्टर म्हणतात, मनाचा धक्का होता, मन मोकळं झालं. असेल! मग त्यांच्यासमोर इतके महिने बसून का नाही झालं? नेमकं त्याच सेकंदाला का? त्यांनी दिलेल्या गोळ्या मी आजही घेते.

लोक विचारतात, उद्या मूठ परत मिटली तर? मिटली तर मिटली. मी चर्चला जाणारच. अकरा महिने जे नाव माझ्या तोंडातून निघत नव्हतं, ते आता मी कुणासमोरही घेते.

विशाल. माझा विशाल.